औषधानेच उठणारे डोके आणि प्रज्ञापराध

डोकेदुखीवर वारंवार घेतलेल्या गोळ्यांमुळेच जडणारी डोकेदुखी हा वैद्यकाने मान्य केलेला स्वतंत्र विकार आहे. आधीपासून अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असलेल्या माणसाला तो होतो. डोके दुखते म्हणून गोळी घेतली जाते, गोळ्या वाढतात तशी डोकेदुखी वाढते आणि ती वाढली म्हणून पुन्हा गोळ्या वाढतात. जगातल्या प्रौढांपैकी शंभरात एक ते दोन जणांना हा विकार असावा, असा अंदाज आहे. डॉक्टरपुढे तो निदानाचा आणि उपचाराचा विषय म्हणून येतो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: ज्या उपायाने दुःख दर वेळी हटते, तोच उपाय त्या दुःखाचे कारण असू शकतो का? आणि असेल, तर दुःख भोगणाऱ्याच्या माथी त्याचा दोष किती मारायचा?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेसारख्या सीमेवरच्या गावात या विकाराला पोषक असे सगळे आहे. पलीकडे दोडामार्ग, अलीकडे डिचोली आणि म्हापसा. पाळीच्या (शिफ्टच्या) कामाला जाणाऱ्यांचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायला उन्हात तासन्‌तास राबावे लागते. न्याहारी चुकते, पाणी पोटात जात नाही, झोप पुरत नाही, आणि अर्धशिशी उठायला एवढे कारण भरपूर होते. साधी गोळी पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानातही मिळते. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

अशा घरातली चाळिशीची एक बाई डोळ्यांसमोर आणावी. पहाटे पाचला तिला जाग येते तीच डोके धरलेले असताना. चहाचे आधण ठेवण्याआधी तिचा हात फळीवरच्या पट्टीकडे जातो. रिकाम्या पोटी चहा, चहाबरोबर गोळी. नऊपर्यंत बरे वाटते. दुपारी मानेपासून कपाळापर्यंत पुन्हा जडपणा चढतो, तेव्हा दुसरी. उद्या घरात सत्यनारायण आहे, डोके उठून चालायचे नाही, म्हणून रात्री झोपताना, दुखत नसतानाही, तिसरी. विचारले तर ती सांगते की डोकेदुखी लग्नाआधीपासूनची आहे. तेव्हा महिन्यातून दोनदा उठायची, आता रोजची झाली. आईचेही असेच होते, असे ती वर सांगते. गोळ्यांचा विषय ती काढतच नाही, कारण तिच्या लेखी गोळी हा आजाराचा भाग नाहीच.

निदानाच्या बहुतेक खुणा या वर्णनात आल्या आहेत. पूर्वी अधूनमधून येणारी डोकेदुखी आता महिन्याचे निम्मे दिवस किंवा त्याहून जास्त दिवस असते. ती बहुधा जाग येतानाच जाणवते, कारण रात्रभरात औषधाचा अंमल उतरलेला असतो. गोळीचा गुण पूर्वीसारखा टिकत नाही. अर्धशिशीचा नेहमीचा झटका, म्हणजे एका बाजूचा ठणका, मळमळ, उजेड सहन न होणे, हे अधूनमधून येतेच. पण त्या झटक्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत आता एक बोथट, डोकेभर पसरलेली दुखी राहू लागते. दुखण्याआधीच गोळी घेणे ही त्यातली सर्वांत बोलकी खूण म्हणावी लागेल. तिथे माणूस वेदनेवर उपाय करत नसतो, वेदनेच्या भीतीवर करत असतो.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत यासाठी नेमकी मर्यादा दिली आहे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी हवी आणि तीन महिन्यांहून अधिक काळ औषधाचा अतिवापर हवा. पॅरासिटामोल, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या साध्या वेदनाशामकांसाठी अतिवापर म्हणजे महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस. एर्गोटामीन आणि ट्रिप्टान ही अर्धशिशीवरची औषधे, अफूच्या वर्गातली औषधे आणि दोन-तीन द्रव्ये एकत्र केलेल्या मिश्र गोळ्या यांच्यासाठी हीच मर्यादा १० दिवसांवर येते. मोजायचे असतात ते दिवस. गोळ्या किती, हा प्रश्न नंतरचा. आठवड्यातून तीनच दिवस मिश्र गोळी घेणारा माणूस ‘मी काही रोज घेत नाही’ असे खरेपणाने सांगतो, पण महिन्याकाठी त्याचे बारा-तेरा दिवस भरतात आणि तो मर्यादेपलीकडे असतो. आपल्याकडे दुकानात सहज मागितल्या जाणाऱ्या डोकेदुखीच्या कित्येक गोळ्या मिश्रच असतात. वेदनाशामकाबरोबर त्यांत कॅफीन असते, अर्धशिशीच्या काही गोळ्यांत एर्गोटामीनही असते. त्यामुळे पट्टीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचणे हे निदानाचे पहिले पाऊल ठरते.

या प्रकाराकडे डॉक्टरांचे लक्ष प्रथम एर्गोटामीनमुळे गेले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी १९५१ मध्ये एर्गोटामीन अति घेणाऱ्या रुग्णांचे आणि औषध थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाचे वर्णन केले. पुढे साध्या वेदनाशामकांचेही तेच दिसून आले. मेंदूत नेमके काय घडते याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही. पण वेदना वाहून नेणाऱ्या आणि वेदनेला आवर घालणाऱ्या यंत्रणांचा तोल बिघडतो, मेंदू अधिक हळवा होतो, हे बऱ्याच अंशी मान्य आहे. एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. गुडघ्यांच्या किंवा पाठीच्या दुखण्यासाठी वर्षानुवर्षे रोज वेदनाशामक घेणाऱ्याला, मुळात डोकेदुखीचा विकार नसेल तर, ही डोकेदुखी सहसा होत नाही. म्हणजे औषध एकटे कारण नाही. आधीच डोकेदुखीकडे कल असलेला मेंदू आणि औषध, अशी दोघांची गाठ पडावी लागते.

इथे कारणाचा प्रश्न खरा अवघड होतो. दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध ठरवताना नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अन्वय आणि व्यतिरेक पाहतात: एक असताना दुसरी आहे का, एक नसताना दुसरी नाही का. लाटंबार्सेच्या त्या बाईने हीच कसोटी रोज लावलेली असते. गोळी घेतली की दुखणे नाही, गोळी नाही की दुखणे आहे. तिचा निष्कर्ष तर्काला धरूनच आहे आणि प्रत्यक्ष अनुभव तिच्या बाजूने साक्ष देतो. चूक आहे ती काळाच्या मापात. तासांच्या मापाने पाहिले तर गोळी दुखणे घालवते. महिन्यांच्या मापाने पाहिले तर तीच ते वाढवते. पहिला संबंध इंद्रियांना कळतो. दुसरा कळायला नोंद लागते, तुलना लागते आणि अनुमान लागते. म्हणूनच शहाणीसुरती, हिशेबाला चोख असलेली माणसेही या विकारात वर्षानुवर्षे राहतात, आणि त्यांना अडाणी समजणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

वैद्यकालाही हा पेच चुकलेला नाही. वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत अशी अट होती की औषध थांबवल्यावर दोन महिन्यांत डोकेदुखी गेली किंवा पूर्वपदावर आली, तरच निदान पक्के मानावे. ती शुद्ध व्यतिरेकाची अट होती. पण त्यामुळे रुग्ण समोर बसलेला असताना निदान करताच येईना. ते उपचार संपल्यावरच करता येई. नंतरच्या सुधारणांत ती अट काढून टाकण्यात आली. आजही काही संशोधक विचारतात की गोळ्या वाढल्या म्हणून डोकेदुखी वाढली, की डोकेदुखी आपोआप वाढत गेली म्हणून गोळ्या वाढल्या? औषध थांबवूनही काहींचे डोके दुखायचे थांबत नाही, हे त्या शंकेला बळ देते. तरीही व्यवहारात मार्ग एकच उरतो: अतिवापर थांबवून पाहणे. तेवढ्याने बऱ्याच रुग्णांना स्पष्ट उतार पडतो.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, या अवस्थेवर विलक्षण नेमका बसणारा विचार आहे. धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश झालेला माणूस जे अहितकर कर्म करतो, त्याला चरक प्रज्ञापराध म्हणतात. धी म्हणजे हिताहिताचा यथार्थ निर्णय, धृती म्हणजे मनाला आवर घालण्याची शक्ती, स्मृती म्हणजे अनुभवलेल्याचे खरे स्मरण. गोळ्यांच्या डोकेदुखीत तिन्ही ढळलेल्या असतात. तात्पुरता उतार हाच इलाज मानला जातो. दुखेल या भयाने हात आवरत नाही. गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली, हे विचारल्यावर सांगता येत नाही. आणि यातली शेवटची उणीव भरून काढणे सर्वांत सोपे असूनही तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात हाच विचार आणखी जवळ येतो. तिथे चरकांनी वेगांचे दोन वर्ग केले आहेत. भूक, तहान, झोप, मलमूत्र यांसारखे शरीराचे तेरा वेग अडवू नयेत. लोभ, शोक, भय, क्रोध यांसारखे मनाचे वेग मात्र अडवावेत. झोप अडवल्याने होणाऱ्या त्रासांत शिरोरोगाचा उल्लेख आहे. पाळीवर जाणाऱ्या माणसाचा दिवस याच्या नेमका उलटा जातो. तो भूक मारतो, तहान मारतो, अर्ध्या झोपेतून उठतो. आणि त्यातून डोके उठले की भयाच्या वेगाला मात्र ताबडतोब वाट करून देतो. आजचे डॉक्टरही अर्धशिशीच्या रुग्णाला वेळेवर जेवण, पुरेसे पाणी आणि ठरावीक झोप हेच आधी सांगतात. अशा माणसाचा प्रज्ञापराध पट्टी फाडण्याच्या क्षणाच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि त्यातला मोठा वाटा त्याच्या कामाच्या वेळा ठरवणाऱ्यांचा असतो, हेही म्हटलेच पाहिजे.

मग हा अपराध कोणत्या अर्थाने? घरातली माणसे ‘हिला गोळ्यांचे व्यसन लागले आहे’ असे सहज बोलतात. कोणी पूर्वकर्माचे फळ म्हणून सोडून देते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. व्यसनी माणूस सुख किंवा धुंदी शोधतो. इथे माणूस फक्त कामाला उभे राहता यावे एवढेच मागत असतो. अफूच्या वर्गातल्या औषधांची गोष्ट निराळी. तिथे खरे अवलंबन जडते. अफू खाणाऱ्यांच्या सवयीविषयी पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. साध्या गोळीवरच्या माणसाला त्या पंक्तीत बसवणे मात्र चूक आहे. दैवाचे म्हणाल तर चरकांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आयुष्याचा भार दैव आणि पुरुषकार (माणसाचा स्वतःचा प्रयत्न) या दोहोंवर वाटून दिला आहे. आईकडून आलेला अर्धशिशीचा कल हे या रोगातले दैव. गोळीचे दिवस मोजणे आणि थांबवणे हा पुरुषकार. प्रज्ञापराध हे पाप नव्हे. पापाला प्रायश्चित्त लागते. या चुकीला समज पुरते आणि थोडा आधार लागतो. नॉर्वेमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुटुंबाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना दोष न देता, थोडक्यात, त्यांच्या गोळ्यांचा आणि डोकेदुखीचा संबंध समजावून सांगितला. तेवढ्यानेही, असा सल्ला न मिळालेल्यांच्या तुलनेत, त्यांचे डोकेदुखीचे आणि गोळ्यांचे दिवस बरेच कमी झाले.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण आणि सुखदुःख सोसण्याचा उपदेश आहे, म्हणून गोळी घेणेच दुबळेपणाचे, असे कोणी मानते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत दुःख देवाला अर्पण करण्याच्या श्रद्धेतूनही तसा अर्थ काढला जाऊ शकतो. दोन्ही परंपरांचा आशय तसा नाही. तितिक्षा, म्हणजे सोसण्याची वृत्ती, ही अटळ आणि जाणाऱ्या-येणाऱ्या दुःखासाठी आहे. टाळता येणारे दुःख ओढवून घेण्यासाठी नाही. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदना शमवणारी औषधे घेणे धर्माला मान्य असल्याचे स्पष्ट केले होते. गीतेच्याच अठराव्या अध्यायातला सुखाचा विचार इथे अधिक उपयोगी पडतो: आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे ते राजस सुख, आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक. गोळी सोडण्याचे पहिले आठ-दहा दिवस या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

ते दिवस खरोखर कठीण असतात आणि रुग्णाला ते आधी सांगितलेच पाहिजे. औषध थांबवल्यावर डोकेदुखी काही दिवस उलट वाढते. मळमळ, उलट्या, बेचैनी, धडधड, झोपमोड होते. हा त्रास साधारण २ ते १० दिवस राहतो. ट्रिप्टानच्या बाबतीत लवकर ओसरतो, साध्या वेदनाशामकांच्या बाबतीत लांबतो. साधी वेदनाशामके आणि ट्रिप्टान बहुधा एकदम थांबवता येतात. अफूच्या वर्गातली औषधे, झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या मात्र डॉक्टरच्या देखरेखीखालीच, हळूहळू उतरवायच्या असतात. त्या एकदम तोडणे धोक्याचे आहे. अंगवळणी पडलेले अहितकर द्रव्य पायरीपायरीने सोडावे, हा क्रम चरकांनीही सूत्रस्थानाच्या त्याच सातव्या अध्यायात दिला आहे. सोबत अर्धशिशी रोखणारी औषधे, प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट यांपैकी रुग्णाला मानवेल ते, डॉक्टर सुरू करतात. दमा असलेल्याला प्रोप्रानोलॉल चालत नाही आणि गरोदरपणात टोपिरामेट टाळतात, म्हणून ही निवड शेजाऱ्याच्या सल्ल्याने करू नये.

अशा धृतीचे शिक्षण डिचोली तालुक्याला नवे नाही. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधी काही दिवस व्रतस्थ राहतात, खाणेपिणे नेमाचे ठेवतात आणि जत्रेच्या रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. या व्रताला ठरलेली मुदत असते, ते चारचौघांच्या संगतीने होते, आणि घरची माणसे त्या दिवसांत धोंडाची कामे उचलतात. गोळी सोडणाऱ्या माणसाला नेमक्या याच तीन गोष्टी हव्या असतात. पाळीची सुट्टी, घरकाम दुसऱ्याने उचलणे आणि ‘आज कितवा दिवस’ असे विचारणारे कोणीतरी. एकटीने, कोणाला न सांगता, कामाला जाता-जाता केलेला प्रयत्न बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि त्यात मनाच्या दुबळेपणापेक्षा एकटेपणाचा भाग मोठा असतो.

प्रत्येक रोजची डोकेदुखी गोळ्यांची नसते, हेही तितकेच ठसवून सांगायला हवे. क्षणार्धात शिगेला पोचणारी भयंकर डोकेदुखी, तापाबरोबर ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे, दिसण्यात बिघाड, शुद्ध हरपणे, डोक्याला मार लागल्यानंतरची किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणातली नवी डोकेदुखी: यांपैकी काहीही असेल तर दिवस मोजत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. शिवाय वेदनाशामकांचा अतिवापर डोक्यापुरता थांबत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात आणि उन्हात, कमी पाण्यावर राबणाऱ्याच्या मूत्रपिंडांना त्या अधिक जाचतात. पॅरासिटामोल प्रमाणाबाहेर गेले तर यकृताला इजा होते.

औषध थांबवून डोके हलके झाल्यावर गोळी कायमची वर्ज्य करायची का, हा शेवटचा प्रश्न. भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद व्यासांना सांगतात की ज्या द्रव्याने रोग होतो तेच द्रव्य तसेच घेतले तर रोग बरा करत नाही. योग्य संस्कार करून दिले तर करते. नारदांचा रोख कर्मावर आहे: बंधनाला कारण होणारे कर्म ईश्वराला अर्पण केले की मुक्तीला कारण होते. गोळीच्या बाबतीत तो संस्कार म्हणजे मर्यादा. खऱ्या झटक्याच्या सुरुवातीला, पुरेशा मात्रेत, आणि आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, एवढे पथ्य पाळले तर तीच गोळी पुन्हा उपयोगी पडते. पहिल्या वर्षात बऱ्याच जणांची जुनी सवय परत येते, म्हणून नोंद थांबवू नये.

ज्यांच्या घरी फळीवरची पट्टी महिना संपायच्या आत संपते, त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजपासून दोन खुणा सुरू कराव्यात: डोके दुखले त्या तारखेला एक, गोळी घेतली त्या तारखेला दुसरी, आणि शेजारी गोळीचे नाव. महिनाभराने ते पान आणि रिकामी पट्टी घेऊन डिचोलीच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवावे. गरज पडली तर तिथून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढचा उपचार होतो.